मामांची पेटी, धाकट्याचे बीट आणि एकच लॅपटॉप : घरगुती स्टुडिओसाठी सॉफ्टवेअर निवडीचं एक प्रकरण

"भाचेबुवा, यातलं कुठलं चांगलं ते एकदाचं सांगून टाक," म्हणत मामांनी वहीचं एक पान माझ्यापुढे सरकवलं. पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात गाणं रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरांची सहा नावं होती : एफएल स्टुडिओ, क्यूबेस, एबलटन लाइव्ह, प्रो टूल्स, लॉजिक प्रो, रीपर. प्रत्येकापुढे किंमत आणि किमतीपुढे कुणाकुणाचे ऐकीव शेरे. "मुंबईवाले हेच वापरतात." "शिकायला अवघड." "मित्राकडून फुकट." शेवटच्या शेऱ्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. त्या खुशीच्या नव्हत्या, हे नंतर कळलं.

मी ध्वनिमुद्रणाची छोटी-मोठी कामं करतो. कीर्तनं, शाळांची स्नेहसंमेलनं, दुकानांच्या जाहिराती. त्यामुळे हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, त्याला फक्त मान डोलावणारा हवा असतो. मामांच्या घरी तसं नव्हतं. तिथे दोन उत्तरं ठरलेली होती आणि लॅपटॉप एकच होता.

घर पंचवटीतलं, जुनं, दोन मजली. वरच्या मजल्यावर दहा बाय अकराची एक खोली, खिडकी गल्लीवर उघडणारी. पहाटे काकडआरती, दिवसभर रिक्षा, संध्याकाळी रामकुंडाकडे जाणाऱ्यांची वर्दळ. मामा नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. पेटी वाजवतात, गातात, गल्लीतलं भजनी मंडळ त्यांच्याच जिवावर चालतं. मंडळ म्हणजे मामांसकट आठ जण : पेटी, पखवाज, एक हौशी टाळवाले आणि मागे धरणारे पाच. बारा अभंग नीट रेकॉर्ड करून ठेवायचे, एवढीच मामांची इच्छा. "आमच्यातले दोघं सत्तरीपार आहेत," ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी बोललं नाही.

धाकटा, म्हणजे माझा मामेभाऊ, बी. कॉम. होऊन घरीच बीट बनवतो. ढोल पथकांना प्रवेशाचं संगीत, मिसळीच्या दुकानाला तीस सेकंदांची जिंगल, मित्राच्या रॅपला पार्श्वभूमी. गणपतीच्या आधीचे दोन महिने त्याला जेवायची फुरसत नसते. नाशिक ढोलाच्या गावात हा धंदा चालतो, यात नवल नाही.

बजेट पंचेचाळीस हजार. लॅपटॉप विंडोजचा, पाच वर्षांचा, आय-५, आठ जीबी रॅम, डिस्कवर मोकळी जागा साठ जीबी.

मी यायच्या आधी

आधीच्या उन्हाळ्यात धाकट्याने एका दुकानातून पंधराशे रुपयांत 'सगळं' भरून घेतलं होतं. सगळं म्हणजे खरोखर सगळं : दोन-तीन महागडी सॉफ्टवेअरं, वाद्यांच्या आवाजांचे गठ्ठे, इफेक्ट. दुकानदाराने जाताना बजावलं होतं, अँटिव्हायरस बंद ठेव आणि विंडोज अपडेट करू नकोस. ज्या मालाबरोबर अशी पथ्यं येतात तो माल काय असतो हे आपल्याला कळायला हवं, पण बावीसाव्या वर्षी कुणाला कळतं? लॅपटॉपने एका रात्री स्वतःच अपडेट घेतलं आणि सकाळी ढोल पथकाच्या कामाची फाइल उघडेना. चार दिवसांचं काम. पथकाला दुसरीकडून संगीत घ्यावं लागलं आणि धाकट्याला इसार परत करावा लागला.

त्या भानगडीत मामांना पहिल्यांदा समजलं की घरात चालतंय ते सॉफ्टवेअर चोरीचं आहे. १९२८ सालापासून नोटा छापणाऱ्या कारखान्यात हयात गेलेला माणूस. मामी सांगत होत्या, दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाले, "तीस वर्षं खऱ्या नोटांवर डोळे घातले. आता घरात खोटी नोट चालवायची?"

तेव्हा पहिली अट ठरली : जे घ्यायचं ते पावतीचं. माझ्या अनुभवात या अटीने निम्मी चर्चा आपोआप संपते, कारण 'सर्वांत भारी कुठलं' हा प्रश्न फुकटच्या मालाबद्दलच पडतो. पैसे मोजायचे म्हटलं की माणूस आपल्याला काय लागतं ते आठवायला लागतो.

यादी लहान होते

मी दोघांना वेगवेगळे कागद दिले आणि सांगितलं, सॉफ्टवेअरचं नाव न लिहिता तुम्ही आठवड्यात काय कराल ते लिहा. धाकट्याचा कागद भरगच्च निघाला : ड्रमचे आवाज बदलून बघणं, पियानो रोलवर, म्हणजे सुरांच्या चौकटीच्या तक्त्यावर, सूर टिपणं, आठ-आठ मात्रांचे तुकडे बनवून पुढेमागे लावणं, शेवटी एमपीथ्री काढून व्हॉट्सअॅपवर पाठवणं. मामांच्या कागदावर तीनच ओळी. 'आम्ही वाजवू तसं यावं. चुकलं तर तेवढंच परत गाता यावं. पंचवीस वर्षांनी उघडावं.'

ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरकडून काय मागावं हे इतक्या कमी शब्दांत सांगणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर दिसलं की कामं एकाच ठिकाणी जुळतात : तयार तालावर आवाज चढवणं. बाकी सगळं वेगळं. तरीही मी लगेच 'दोन घ्या' म्हटलं नाही, कारण दोन सॉफ्टवेअर म्हणजे दोनदा शिकणं, दोनदा अडकणं आणि मला दुप्पट फोन.

सहा नावांतली काही पटापट गळली. लॉजिक प्रो फक्त अॅपलच्याच यंत्रांवर चालतं. २००२ साली अॅपलने ते बनवणारी कंपनी घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद केली, त्यामुळे त्यासाठी आधी संगणकच बदलावा लागला असता. प्रो टूल्सची फुकट आवृत्ती आहे, पण तिच्यात ध्वनीचे आठच ट्रॅक, म्हणजे एकेका वाद्याच्या वेगळ्या ओळी, मिळतात. मंडळाचं भागलं असतं, पण काठोकाठ, आणि पुढची पायरी वर्गणीची. निवृत्तिवेतनावर वर्गणी लावायला मामा तयार नव्हते, मीही नव्हतो. क्यूबेस उत्तम. १९८९ सालापासूनचं नाव, आणि आज आपण सगळीकडे वापरतो ती प्लगइनची, म्हणजे बाहेरून जोडायच्या वाद्यांची आणि इफेक्टांची, व्हीएसटी पद्धत त्याच स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ला आणली. पण या घराला लागणाऱ्या गोष्टी त्याच्या मोठ्या आवृत्तीत आणि ती आवृत्ती बजेटचा मोठा घास घेणार, म्हणून बाजूला.

मामांच्या तिसऱ्या ओळीवरून एक गोष्ट त्यांना सांगितली. केकवॉक हे एकेकाळी विंडोजवर भरपूर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालक कंपनी गिब्सनने त्याचं काम थांबवलं. पैसे भरलेले लोक रातोरात पोरके झाले. २०१८ला बँडलॅबने ते विकत घेऊन फुकट दिलं, म्हणून निभावलं. मामा लक्ष देऊन ऐकत होते. "म्हणजे पंचवीस वर्षांची हमी कुणीच देत नाही."

"कुणीच नाही. हमी फक्त साध्या ध्वनीच्या फाइलींची. प्रत्येक वाद्याची वेव्ह फाइल, सगळ्या एकाच क्षणापासून सुरू होणाऱ्या. त्या कुठल्याही सॉफ्टवेअरात एकाखाली एक ठेवल्या की गाणं पुन्हा उभं."

शेवटी उरली तीन : एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह आणि रीपर. लाइव्हची छोटी आवृत्ती आम्ही घेतलेल्या इंटरफेसबरोबर, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या डबीबरोबर, आलीच होती. बाकी दोन्ही आधी वापरून बघता येतात.

पहिली संध्याकाळ : आवाज मागून येतो

मामींनी वेळ दिली होती साडेनऊ ते अकरा. त्याआधी खाली कुकर, त्यानंतर शेजाऱ्यांची झोप. खिडकीवर आणि दोन भिंतींवर मामींच्याच गोधड्या टांगल्या. महागडे फोमचे तक्ते लावायचा धाकट्याचा आग्रह होता, पण ते पातळ तक्ते वरच्या पट्टीतला झणका तेवढा कमी करतात. जाड गोधडी, आणि तीही भिंतीपासून वीतभर सोडून टांगलेली, त्यांच्याहून सरस ठरते. शिवाय ती घरात असते.

मामा पेटीपुढे बसले, कानाला हेडफोन. पहिला चरण गायले आणि थांबले. "माझ्यामागून कोण गातंय?"

कुणीच नव्हतं. त्यांचाच आवाज संगणकात जाऊन उशिरा परत येत होता. धाकटा लगेच म्हणाला, "दादा, हे सॉफ्टवेअर स्लो आहे." हा निष्कर्ष मी शंभर वेळा ऐकलाय आणि तो जवळजवळ नेहमी चुकीचा असतो. संगणक आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, वाटी भरली की ओततो. त्या वाटीला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने घेताना १०२४ नमुन्यांची वाटी भरायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. जाताना एक आणि येताना एक, म्हणजे ४६च्या वर. गाणाऱ्याला हा उशीर लगेच टोचतो. वाटी १२८ची केली की एका बाजूला तीन मिलिसेकंदही लागत नाहीत, पण मग जुन्या लॅपटॉपची दमछाक होते आणि आवाजात कट्कट येते.

आम्ही दोन गोष्टी केल्या. विंडोजचा नेहमीचा मार्ग सोडून इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमी उशिराने नेणारा मार्ग, लावला. आणि इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण चालू करून सॉफ्टवेअरातून येणारा आवाज बंद ठेवला, म्हणजे मामांना स्वतःचा आवाज संगणकाला वळसा न घालता थेट मिळू लागला. तिन्ही सॉफ्टवेअरांत उशिराचं दुखणं सारखंच होतं आणि औषधही तेच. या परीक्षेत कुणालाच गुण मिळाले नाहीत.

त्याच रात्री एक घरघर ऐकू येत होती, सतत, खालच्या सुरात. धाकट्याने पंखा बंद केला, फ्रिज बंद केला (मामींनी तो लगेच परत चालू केला), मग मी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घरघर गेली. जुन्या वायरिंगच्या घरात अर्थिंगचा भरवसा नसतो. तेव्हापासून नियम : रेकॉर्डिंग बॅटरीवर.

दुसरी संध्याकाळ : हा टकटक करणारा कोण

खरी परीक्षा लयीची होती.

धाकट्याने सवयीप्रमाणे ७२चा टेम्पो, म्हणजे मिनिटाला ७२ मात्रांची गती, लावला आणि मामांच्या कानात त्या गतीने टकटक करणारा मेट्रोनोम सोडला. मामांनी दोन आवर्तनं निमूट गायली. तिसऱ्याला पखवाजवाल्यांनी भजनी ठेक्यात जरा हात मोकळा केला, मामा त्यांच्याबरोबर निघाले, मेट्रोनोम मागे राहिला. मामांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "हा टकटक करणारा कोण आहे? त्याला सांग, आमच्यामागून ये."

मला त्या वाक्यात अख्ख्या निवडीचं उत्तर दिसलं. यंत्राच्या मापात कलाकाराने बसायचं ही जुनीच रीत आहे. द. वि. पलुस्करांचा जन्म याच नाशिकचा, १९२१चा. त्यांच्या काळी ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. राग तेवढ्यात मांडायचा. त्यांनी तो मांडलाही, पण तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आज आहे, मग मंडळाने एका चौकटीत का कोंबून घ्यायचं?

धाकट्याची बाजूही खरी होती. "दादा, टेम्पो नसेल तर मी मागे काही लावणार कसं? एकही सूर जागेवर बसणार नाही."

तेव्हा आम्ही मेट्रोनोम बंद केला, एक पूर्ण अभंग मंडळाला हवा तसा गाऊ दिला आणि तेच ध्वनिमुद्रण तिन्हीत उघडलं. नऊ मिनिटांचा अभंग, सुरुवातीला मिनिटाला ६८ मात्रांच्या आसपास, शेवटच्या गजरात शंभरच्या पुढे.

लाइव्ह हे मुळात रंगमंचावर तुकडे जुळवत वाजवणाऱ्यांसाठी घडलेलं. लांब ध्वनिफीत आत ओढली की ती आपल्या चौकटीला जुळवायची त्याची सुरुवातीची मांडणीच तशी असते, आणि ती बंद करायला मी विसरलो. टाळांचे आवाज असे ताणले गेले की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं वाटावं. चूक माझी होती. मांडणी बदलल्यावर आवाज मूळपदावर आला. पण धाकट्याला त्याची तुकड्यांची मांडणी परकी वाटली आणि मामांना पडद्यावरचं काहीच ओळखीचं वाटलं नाही.

एफएल स्टुडिओत धाकट्याचे हात डोळे झाकून चालतात. बेल्जियमच्या इमेज-लाइनचं हे सॉफ्टवेअर १९९७ साली फ्रूटीलूप्स या नावाने निघालं. नावातच 'लूप' आहे, आणि आजही त्याचा जीव तुकड्यांची नक्षी करण्यात आहे. पियानो रोल तर माझ्या मते या सगळ्यांत देखणा. पण लयीबरोबर मापं वाकवत नऊ मिनिटांच्या सलग गाण्यावर काम करायचं म्हणजे बाळंतविड्याच्या टोपड्याला उपरणं जोडण्यासारखं. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट : त्याच्या सर्वांत स्वस्त, 'फ्रूटी' आवृत्तीत गाणं रेकॉर्ड करता येत नाही, त्यासाठी वरची 'प्रोड्युसर' आवृत्ती लागते. हे न वाचता स्वस्त आवृत्ती घेऊन नंतर कपाळाला हात लावणारे मी पाहिलेत. आणि न विकत घेता चाचणी चालू असेल तर काम साठवता येतं, पण साठवलेलं पुन्हा उघडता येत नाही. म्हणून चाचणीतलं काम एका बैठकीत संपवायचं किंवा लगेच वेव्ह काढून ठेवायची.

रीपर उघडल्यावर धाकटा म्हणाला, "हे काय, तहसील कार्यालयासारखं दिसतंय." खोटं नाही. राखाडी पडदा, बारीक अक्षरं, मेनूंमध्ये मेनू. आत वाद्यांचे तयार आवाजही जवळजवळ नाहीत. विनअँप हा गाणी वाजवायचा जुना प्रोग्रॅम ज्याने लिहिला त्या जस्टिन फ्रँकेलच्या कॉकॉस कंपनीचं हे सॉफ्टवेअर. उतरवून घ्यायला इतकं हलकं की मामांना वाटलं अर्धंच आलं.

पण लयीचं काम इथे जमलं. आधी गाण्याच्या ट्रॅकला सांगायचं की तू घड्याळाच्या वेळेला बांधलेला आहेस, मात्रेला नाहीस. हे विसरलं तर पुढे टेम्पो बदलताच रेकॉर्डिंगच सरकतं. मग एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंतचा भाग निवडायचा आणि हे एक माप आहे असं सॉफ्टवेअरला सांगायचं. तेवढ्या भागाचा टेम्पो ते स्वतः काढतं. सम ओळखायला मामा शेजारी बसले. धाकटा माऊस धरून, मामा डोळे मिटून, बोटाने हवेत : "ही... ही नाही, ही खाली... हां, ही." दर चौथ्या आवर्तनाला एक खूण केली. चोवीस-पंचवीस खुणा झाल्या, तासभर गेला. नंतर मेट्रोनोम लावून गाणं सोडलं तर टकटक मामांच्या मागून चालत होती. मामा हसले नाहीत, पण बोटाने ठेका धरला.

धाकटा टेम्पोचे आकडे बघत बसला. ६८, ६९, ७१, ७४. "बाबा, तुम्ही प्रत्येक चरणाला थोडे पळता."

"पळत नाही. चढतो."

वीस सेंट

मापं बसल्यावर धाकट्याने हौसेने मागे एक मंद सुरावट लावली आणि दोघांच्याही तोंडाची चव गेली. काहीतरी कडवट. मामा काळी दोनवर गात होते, सुरावटही काळी दोनवरच होती. ट्यूनर लावून पाहिलं तर मामांची पेटी वीस सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचा पाचवा भाग, चढी निघाली. म्हणजे जिथे ४४० हर्ट्झ असायला हवं तिथे ४४५. पेटी चाळीस वर्षांची. तिची जोडी पखवाजाच्या शाईशी आणि मामांच्या गळ्याशी जमलेली. धाकट्याने गाण्याची पट्टी संगणकावर खाली आणायची तयारी केली होती, पण मी थांबवलं. सुरावटीचाच मूळ सूर वीस सेंट वर चढवला. एक आकडा बदलायचा असतो फक्त. गाणं न छेडता भवतालचं जुळवून घ्यायचं, हे लयीतही केलं आणि सुरातही.

पखवाजाचंही एक सांगायला हवं. धुमेवर, म्हणजे खर्जाच्या तोंडावर, लावलेली कणीक गोधड्यांनी कोंदलेल्या खोलीत लवकर वाळते आणि सूर चढायला लागतो. वीस मिनिटांनी दुसऱ्यांदा घेतलेला तुकडा पहिल्याला जोडला की जोड कळतो. म्हणून एका अभंगाचे सगळे तुकडे कणीक ताजी असतानाच.

काय घेतलं

दोन घेतली. मी टाळत होतो तेच शेवटी करावं लागलं.

मंडळासाठी रीपर. त्याचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा. वैयक्तिक वापर असेल, किंवा धंद्याचं वर्षाचं ढोबळ उत्पन्न २०,००० डॉलरच्या आत असेल तर तो चालतो, त्यावर असेल तर २२५. मामांनी ही अट दोनदा वाचून घेतली आणि म्हणाले, "मंडळाचं उत्पन्न नारळ आणि शाल. चालेल." साठ दिवसांची चाचणी संपल्यावरही रीपर बंद पडत नाही, उघडताना फक्त आठवण करून देतं. याचा फायदा घेऊन वर्षानुवर्षं पैसे न भरणारे नाशिकात किती असतील कोण जाणे. मामांनी अकराव्या दिवशीच भरले. त्यांच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते, म्हणून धाकट्याच्या कार्डावरून. पावतीची छापील प्रत आता देव्हाऱ्याच्या खणात आहे.

धाकट्यासाठी एफएल स्टुडिओची तीच स्वस्त फ्रूटी आवृत्ती, तेव्हा ९९ डॉलरची. रेकॉर्डिंग तिच्यात होत नाही, पण रेकॉर्डिंग आता रीपरमध्ये होणारच होतं. एकदा घेतलं की पुढची सगळी अपडेटं आयुष्यभर फुकट, हे या सॉफ्टवेअरचं मोठं बळ. ढोलाचे, ड्रमचे थर तो तिथे बनवतो, प्रत्येक थर वेगळी वेव्ह म्हणून बाहेर काढतो आणि आवाज चढवायला रीपरमध्ये आणतो. 'प्रोड्युसर'वर जायचं असेल तर पुढच्या गणपतीच्या कमाईतून, असं बाप-लेकांचं ठरलं. दोन्ही मिळून त्या दिवशीच्या भावाने चौदा हजारांच्या घरात गेले.

उरलेल्यात दोन माइकच्या वाटा असलेला इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, एक डायनॅमिक, हेडफोन, स्टँड आणि बाहेरची हार्ड डिस्क. डिस्कवरून धाकट्याने कुरकुर केली, तेव्हा हिशेब मांडून दाखवला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी खातो. नऊ मिनिटांचा अभंग, फार तर सहा ट्रॅक, तीन प्रयत्न : सुमारे १.४ जीबी. बारा अभंगांचे सतरा. मोकळी जागा साठ, त्यात धाकट्याचे आवाजांचे गठ्ठे. शिवाय एकच प्रत म्हणजे प्रत नाहीच.

इंटरफेसला दोनच वाटा आणि मंडळात आठ माणसं, हा पेच सॉफ्टवेअरने सुटत नाही. रीपरमध्ये ट्रॅकला मर्यादा नाही, पण एका वेळी आत येणार दोनच. तेव्हा थर लावले. आधी पेटी आणि पखवाज एकत्र, मामा हळू आवाजात गाऊन वाट दाखवणार. मग मामांचा खरा आवाज. मग धरणारे पाच जण एका माइकभोवती अर्धवर्तुळात, ज्याचा आवाज मोठा तो एक पाऊल मागे. टाळ सर्वांत शेवटी आणि खोलीबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर. टाळ खोलीत असला की तो सगळ्या माइकांत घुसतो, आणि मग पखवाजचा आवाज वाढवला तरी टाळच वाढतो. पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवली. २४ बिटमध्ये तेवढं खाली राहिल्याने काही बिघडत नाही, पण टाळाचा एक टोला वर फुटला तर तो परत मिळत नाही.

मामांची दुसरी ओळ, चुकलं तेवढंच परत गाण्याची, ती इथे सहज जमली. चुकलेला चरण निवडायचा, दोन ओळी आधीपासून गाणं सोडायचं, नेमक्या जागी रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं आणि बंद होतं. पहिल्यांदा केलं तेव्हा मामांनी विचारलं, "शिवण दिसते का?" नाही दिसली. ट्रॅकची नावं मराठीत लिहिली आहेत : पेटी, पखवाज, मी, धरणारे, टाळ. 'मी' हे नाव मामांनीच दिलं.

नंतरचे दोन अपघात

महिन्याभरात धाकट्याचा रात्री फोन. "दादा, सगळं सरकलं." पखवाजच्या ट्रॅकवर त्याने दोन सेकंदांची खोकल्याची जागा कापली होती आणि पुढचं सगळं गाणं, पाचही ट्रॅक, दोन सेकंद डावीकडे आलं होतं. रिपल एडिटिंगचं, म्हणजे कापलेली जागा भरायला पुढचं सगळं ओढून घेण्याचं, बटण चुकून चालू राहिलेलं. मुलाखत कापताना ते वरदान, गाण्यात सत्यानाश. पूर्ववत करून मिटलं, पण नंतर त्याने त्या बटणावर खडूने फुली काढली. पडद्यावर नाही काढता येत, म्हणून लॅपटॉपच्या कडेला, त्या दिशेने बाण दाखवून.

दुसरा अपघात माझ्या हलगर्जीपणाचा. प्रकल्प बाहेरच्या डिस्कवर हलवला तर अर्धे ट्रॅक रिकामे. प्रकल्पाच्या फाइलमध्ये ध्वनी नसतो, ध्वनी कुठे ठेवलाय त्याचा पत्ता असतो, आणि पत्ते जुन्या फोल्डरचे होते. साठवताना 'सगळ्या फाइली प्रकल्पाच्या फोल्डरात आण' ही खूण मी पहिल्या दिवशीच करून द्यायला हवी होती. जुनं फोल्डर पुसलेलं नव्हतं हे नशीब. मामांनी त्या दिवशी मला चहा दिला, पण साखर विचारली नाही.

आता प्रत्येक अभंग पुरा झाला की सगळे ट्रॅक शून्यापासून वेव्ह करून डिस्कवर आणि एका पेनड्राइव्हवर जातात. पेनड्राइव्ह मामांच्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या आईकडे, सिडकोत. पंचवीस वर्षांच्या ओळीवर मला सुचलेलं एवढंच उत्तर.

सात अभंग झाले आहेत. आठवा ऑक्टोबरपासून अडकलाय. पखवाजवाल्यांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे आणि छाटणी चालू आहे. धाकटा म्हणाला, ठेका मी एफएलमध्ये बनवून देतो, तोवर तुम्ही गाऊन घ्या. मामांनी पेटीचा भाता मिटला, वर कापड टाकलं आणि म्हणाले, "छाटणी होऊ दे."